चंदन-वंदन : एका दिवसात दोन गड, तेही गर्दीपासून लांब

सुट्टी आली की गाड्या महाबळेश्वर, कास आणि ठोसेघरच्या रस्त्याला लागतात. पुणे-सातारा महामार्गावरून जाताना भुईंजच्या आसपास दिसणाऱ्या चंदन-वंदन या जोडगडांकडं मात्र फार थोडे वळतात. सकाळी किकलीतून निघून, दोन्ही गड पाहून दिवस मावळायच्या आत परत किकलीत येता येतं. अट एकच, निघायला उशीर करू नये.

किकली हे वाई तालुक्यातलं गाव. महामार्गावर भुईंजला उतरून तिकडं फाटा फुटतो. कराड-सांगलीकडून येणाऱ्यांनी सातारा ओलांडून पुढं भुईंज गाठावं. किकलीहून बेलमाची आणि बेलमाचीवरून दोन गडांमधली खिंड, अशी चढण आहे. या खिंडीच्या एका अंगाला चंदन, दुसऱ्या अंगाला वंदन. एक गड चढायचा, खिंडीत उतरायचं आणि समोरचा चढायचा. खिंडीपलीकडं कोरेगाव तालुक्यात बनवडीकडंही उतरता येतं, पण मग गाडी तिकडं मागवावी लागते आणि फेरी पुरी होत नाही. गुरांच्या वाटा जागोजागी फुटतात, तेव्हा बेलमाचीत एखाद्या जाणत्याला वाट विचारून घ्यावी. मोबाईलच्या नकाशावर विसंबू नये, डोंगराआड रेंज जाते.

आधी वंदन करावा. तो मोठा आहे आणि बघायलाही जास्त आहे, पाय ताजे असतानाच तो उरकलेला बरा. वाटेवर एकामागून एक दरवाजे लागतात, त्यात फारसी शिलालेखही आहे. वर पाण्याची तळी, वाड्यांची जोती, पडका तट आणि दर्गा. तळी दिसली तरी त्यांच्या भरवशावर राहू नये. माणशी तीन लिटर पाणी घरूनच घ्यावं. चंदनवर महादेवाचं मंदिर आणि दर्गा आहे. हवा स्वच्छ असली तर वैराटगड, पांडवगड, जरंडेश्वर, कल्याणगड आणि लांबवर अजिंक्यतारा असा अर्धा जिल्हा नजरेत येतो.

हे गड पन्हाळ्याच्या शिलाहार राजा दुसऱ्या भोजानं 1191-92 च्या सुमारास बांधले असं मानलं जातं. 1673 मध्ये सातारा, परळी, नांदगिरी, पांडवगड या किल्ल्यांबरोबर चंदन-वंदनही शिवाजी महाराजांच्या ताब्यात आले. जोडगडांची अडचण अशी की एक पडला की दुसऱ्यावर तोफा रोखता येतात. 1665 मध्ये मोगलांनी आधी वज्रगड घेतला आणि मग पुरंदर अडचणीत आला, ते याचंच उदाहरण.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा फेरीचा काळ. पावसाळ्यात निसरडं आणि धुकं, उन्हाळ्यात सावली नाही. नोव्हेंबरनंतर गवत वाळतं आणि एका विडीच्या थोटकानं सगळा डोंगर पेटतो. मग बेलमाचीसारख्या गावातल्या गुरांचा चाराच जातो. त्यामुळं वर चूल पेटवू नये. भाकरी, ठेचा, कांदा बांधून न्यावा. कड्याला किंवा तटाला आग्या मोहोळ दिसलं तर लांबून जावं, ओरडू नये, अत्तर लावून तर जाऊच नये. साप चावला तर जखम कापू नये, दोरी आवळू नये, माणसाला चालवू नये. 108 ला फोन करून थेट दवाखाना गाठावा. दुपारी तीनला उतरायला लागावं.

किकली शेवटी ठेवायची, यालाही कारण आहे. गावातल्या जुन्या भैरवनाथ मंदिराच्या आवारात वीरगळींची रांगच आहे आणि तिरप्या उन्हात दगडावरचं कोरीव काम उठून दिसतं. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाचा स्मारकदगड. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत आडवा पडलेला वीर किंवा लढाई. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर घेऊन जातात. त्याच्या वर तो महादेवाच्या पिंडीपुढं हात जोडून बसलेला. माथ्यावर चंद्र-सूर्य असतात, म्हणजे ते आहेत तोवर कीर्ती राहील. खाली गाई कोरल्या असतील तर समजावं, हा माणूस राजासाठी नाही, गावची गुरं सोडवताना पडला. बहुतेक वीरगळींवर नाव नसतं.

म्हणून या दगडांना ऑइलपेंट फासू नये, त्यावर नारळ फोडू नये, खडूनं रेघा ओढून फोटो काढू नयेत. आपल्या गावच्या देवळामागं किंवा ओढ्याकाठी असा दगड धुणं धुवायला लागला असेल, तर तो तिथून उचलून पारावर उभा करायला चार माणसं पुरतात. हलवण्याआधी जागेवरच सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवावा आणि ग्रामपंचायतीला कळवावं.