आजोबांचा फोटो काचेला का चिकटतो? जुन्या आठवणी फ्रेम करण्याआधी हे वाचा

लातूर जिल्ह्यातल्या जळकोट तालुक्यात एखाद्या जुन्या घरात गेलात, तर बैठकीच्या भिंतीवर काय दिसते? देवांच्या तसबिरी, हार घातलेला आजोबांचा कृष्णधवल फोटो, लग्नातला जोडीचा फोटो, एखादे मानपत्र. यातल्या बऱ्याच वस्तूंची दुसरी प्रत नसते. निगेटिव्ह कधीच हरवलेली असते, फोटो काढणारा स्टुडिओही बंद झालेला असतो. त्या माणसाचा चेहरा नातवंडांना दाखवणारी तेवढी एकच वस्तू उरते. म्हणून फ्रेमचे पहिले काम राखण करण्याचे, शोभेचे नंतर.

तसबीर घरोघरी कशी पोहोचली?

एकेकाळी घरात चित्र लावणे श्रीमंतांनाच परवडत असे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात छापखाना सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत चित्रांमुळे सामान्यांच्या भिंतीवरही काचेची तसबीर आली. नंतर फोटो स्टुडिओ आले आणि देवांच्या शेजारी घरातल्या माणसांनाही जागा मिळाली. आजही तालुक्याच्या गावी फ्रेम करून देणारा कारागीर बहुधा काच-आरशांच्या दुकानात किंवा फोटो स्टुडिओत भेटतो.

फ्रेममध्ये नेमके काय असते?

पुढून मागे पाहिले तर पट्टी, काच, माउंट, चित्र आणि पाठीचा पुठ्ठा किंवा हार्डबोर्ड असा क्रम असतो. माउंट म्हणजे मधोमध खिडकी कापलेला जाड कागदी पुठ्ठा. पट्टी पूर्वी सागवानी असे, आता बहुतेक ठिकाणी सिंथेटिक मिळते.

खरे कसब कोपऱ्यात दिसते. चार पट्ट्यांची आठ टोके प्रत्येकी ४५ अंशांत कापावी लागतात. प्रत्येक काप अर्ध्या अंशाने एकाच बाजूला चुकला, तर शेवटच्या कोपऱ्यात ४ अंशांची फट पडते. चांगल्या कारागिराची फ्रेम ओळखायची असेल तर आधी चारही कोपरे बघा.

मग फोटो काचेला का चिकटतो?

जुन्या फोटोच्या पृष्ठभागावर जिलेटिनचा थर असतो. पावसाळ्यात हवा दमट होते, माळवद गळते, भिंतीला ओल येते. ओलाव्याने जिलेटिन फुगून मऊ होते. फोटो काचेला थेट टेकलेला असेल तर ते काचेला धरते आणि उन्हाळ्यात तसेच सुकते. असे दोन-चार पावसाळे गेले की फोटो आणि काच एकजीव होतात. माउंट फोटो आणि काच यांच्यात साधारण दीड मिलिमीटरची जागा ठेवतो. पैसे वाचवायला लोक माउंटच नको म्हणतात आणि नुकसान तिथेच होते.

दुसरा शत्रू पाठीचा पुठ्ठा. साध्या पुठ्ठ्यात आणि वर्तमानपत्राच्या कागदात आम्ल तयार होते. त्याने फोटो पिवळा पडतो, कागद ठिसूळ होतो. शिवाय वाळवी आणि कसर यांना हा पुठ्ठा आयताच खाऊ मिळतो.

फ्रेम करायला देताना काय सांगाल?

• आधी फोटो स्कॅन करा. मूळ वस्तू दुकानात देण्यापूर्वी प्रत हाताशी हवी.
• काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंट हवाच. मिळाला तर आम्लविरहित घ्या.
• फोटोच्या पाठीला डिंक, फेविकॉल किंवा दुहेरी टेप नको. चार कोपऱ्यांना कागदी खाचा करून त्यात फोटो बसवता येतो.
• लॅमिनेशन करू नका. उष्णतेने चिकटलेले प्लास्टिक नंतर सुखरूप निघत नाही.
• फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे किंवा बुचाचे तुकडे लावा. भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते.
• ऊन येणारी, ओल धरणारी आणि चुलीजवळची भिंत टाळा. साधी काच सगळी अतिनील किरणे अडवत नाही, त्यामुळे रंग उडतात.

कागद, ताम्रपत्र आणि पैठणी

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे अनेक घरांत निजामकाळातले उर्दू किंवा मोडीतले कागद आहेत. त्यांच्या मागच्या बाजूलाही शिक्का किंवा नोंद असू शकते. कागद पुठ्ठ्यावर चिकटवला की ती कायमची झाकली जाते. जमिनीच्या किंवा जातपडताळणीच्या कामात मूळ कागद कधी लागेल सांगता येत नाही. म्हणून भिंतीवर रंगीत प्रत लावावी आणि मूळ कागद कोरड्या जागी सपाट ठेवावा.

स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपत्रे देण्यात आली. अशी ताम्रपत्रे आणि पदके जाड असतात. त्यांना खोल पेटीसारखी फ्रेम लागते, म्हणजे काच वस्तूला टेकत नाही. आजीच्या पैठणीचा पदर असेल तर तो सुती कापडावर बारीक टाक्यांनी शिवून बसवतात, चिकटवत नाहीत.

फोटो आधीच चिकटला असेल तर?

ओढू नका. नखाने किंवा ब्लेडने सोडवायला जाल तर चेहराच काचेवर राहील. घरी पाण्यात बुडवण्याचा प्रयोगही नको. इंकजेट प्रिंटचे रंग पाण्यात विरघळू शकतात. काचेसकट स्कॅन करा किंवा काचेवर चमक येणार नाही अशा उजेडात फोटो काढून घ्या. त्यानंतर मूळ फोटो काचेसह तसाच जपा आणि जाणकार संवर्धकाला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धनाचे केंद्र आहे.

हे सगळे लक्षात राहणार नसेल, तर फ्रेम करायला देताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: वीस वर्षांनी ही फ्रेम उघडली, तर फोटो आज आहे तसाच बाहेर निघेल का? उत्तर ‘हो’ असेल तरच फोटो त्याच्या हाती द्या.