पुंगळी वंगण

पुंगळी वंगण हा काडतुसाच्या पुनर्भरणात वापरला जाणारा स्निग्ध पदार्थ होय. एकदा झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा मूळ मापात आणण्यासाठी ती पोलादी डायमध्ये दाबली जाते. त्या वेळी पितळ व पोलाद यांच्यातील घर्षण कमी करणे हे या वंगणाचे कार्य असते. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व इतर काही देशांत नेमबाज व शिकारी स्वतःची काडतुसे घरी पुनर्भरित करतात. त्यांच्या साहित्यात वंगण ही सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक असली, तरी तिची निवड चुकल्यास डाय निकामी होऊ शकते किंवा काडतूस धोकादायक ठरू शकते.

आवश्यकता

पुंगळीचे पितळ साधारणतः ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त यांचे असते. गोळी सुटताना वायूच्या दाबाने पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतींना टेकते. दाब उतरल्यावर ती थोडी आकसते, परंतु पूर्वीच्या मापावर येत नाही. त्यामुळे पुनर्भरणापूर्वी तिचे माप डायमध्ये कमी करावे लागते. वंगणाविना हे केल्यास पितळ पोलादाला घासून चिकटते आणि पुंगळी डायमध्ये अडकते. दट्ट्या मागे ओढल्यास तिची कडा तुटते व पुंगळी आतच राहते. मग तिच्या बुडाला छिद्र पाडून, त्यात आटे पाडून व स्क्रू बसवून ती ओढून काढावी लागते.

प्रकार

घट्ट मेण : हे बोटांनी अत्यल्प प्रमाणात लावतात. मोठ्या दाबाखालीही त्याचा थर तुटत नाही. 'इम्पीरियल सायझिंग डाय वॅक्स' हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. प्रत्येक पुंगळी हाताळावी लागत असल्याने कामास वेळ लागतो.

लॅनोलिनयुक्त फवारा : लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीपासून मिळणारा मेणासारखा पदार्थ. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवून पुंगळ्यांवर फवारतात. अनेक पुनर्भरक हे मिश्रण घरीच तयार करतात. अल्कोहोल पूर्णपणे उडून गेल्यावरच पुंगळी डायमध्ये घालावी लागते. अल्कोहोल ज्वालाग्राही असल्याने फवारणी मोकळ्या हवेत व ज्योतीपासून दूर करतात.

पॅडवरील द्रव वंगण : वंगण मुरवलेल्या पॅडवर पुंगळ्या लोळवतात. ही पद्धत सोपी आहे; मात्र वंगण अधिक लागण्याची शक्यता असते. पाण्यात विरघळणारे वंगण नंतर धुऊन काढणे सोयीचे असते.

कोरडे वंगण : ग्रॅफाइट किंवा अभ्रक यांची बारीक पूड मानेच्या आतील बाजूस लावतात. पुंगळीच्या संपूर्ण अंगाचे माप कमी करण्यास ती पुरेशी नसते.

निवडीचे निकष

निवड मुख्यतः पुंगळीचा आकार, तिच्यावर येणारा जोर आणि पुंगळ्यांची संख्या यांवर अवलंबून असते. .३८ स्पेशल किंवा .४५ एसीपी यांसारख्या सरळ पुंगळ्यांसाठी टंगस्टन कार्बाइडचे कडे असलेली डाय मिळते; तिच्यात बहुधा वंगणाविना काम होते. .२२३ रेमिंग्टन, .३०८ विंचेस्टर अशा निमुळत्या मानेच्या रायफल पुंगळ्यांना मात्र वंगण आवश्यक असते. अशा शेकडो पुंगळ्या एका वेळी करावयाच्या असल्यास फवारा सोयीचा ठरतो. .३०८ ची मान आवळून .२४३ विंचेस्टरची पुंगळी घडविण्यासारख्या अधिक जोराच्या कामासाठी घट्ट मेण अधिक विश्वसनीय मानले जाते. वंगण नंतर सहज निघते का, हा निकषही तितकाच महत्त्वाचा आहे.

प्रमाण व वापर

पुंगळीची भिंत बुडाकडे सर्वांत जाड असल्याने तेथे घर्षण अधिक असते. म्हणून वंगण मुख्यतः अंगाच्या खालच्या भागास लावतात. खांद्यावर ते साचल्यास खळगे पडतात, कारण द्रव दाबला जात नाही आणि त्याला जागा देण्यासाठी मऊ पितळच आत दबते. डायमधील हवेचे छिद्र तुंबल्यासही हाच परिणाम होतो. मानेच्या आत वंगण नसल्यास माप वाढविणारा गोळा बाहेर येताना मान ताणली जाते. दट्ट्या नेहमीपेक्षा जड लागल्यास जोर न वाढवता पुंगळी मागे घेऊन पुन्हा वंगण लावणे इष्ट असते.

स्वच्छता व सुरक्षितता

काम झाल्यावर वंगण पूर्णपणे काढणे आवश्यक असते. ते प्रायमरमध्ये किंवा दारूत शिरल्यास काडतूस पेटत नाही अथवा अर्धवट पेटते. अर्धवट पेटल्यास गोळी नळीत अडकू शकते आणि त्यानंतर झाडलेल्या गोळीने नळी फुटू शकते. पुंगळीच्या बाहेर वंगण राहिल्यास ती चेंबरला नीट धरत नाही व बोल्टवर येणारा जोर वाढतो.

स्वच्छतेसाठी अमोनियायुक्त पॉलिश टाळतात. ब्रिटिश हिंदुस्थानात साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना पावसाळ्यात तडे जात, त्यावरून या दोषास 'सीझन क्रॅकिंग' असे नाव पडले. तबेल्यांतील घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि घडवताना पितळात राहिलेला ताण यांच्या संयोगाने हे तडे जातात, असे इ.स. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी दाखवून दिले.

काडतुसाच्या चरबीशी फरक

इ.स. १८५७ च्या उठावाशी निगडित असलेली एनफिल्ड रायफलच्या काडतुसाची चरबी हा वेगळा विषय आहे. ते काडतूस कागदी होते आणि गोळी नळीत सहज उतरावी म्हणून त्यास स्निग्ध पदार्थ लावला जाई. गाय व डुकराच्या चरबीच्या संशयाने असंतोष पसरल्यावर शिपायांना आपल्या पसंतीचा पदार्थ लावण्याची मुभा जानेवारी १८५७ मध्ये देण्यात आली. परंतु संशय दूर झाला नाही. पुंगळी वंगणाचा उपयोग याउलट केवळ घडणीच्या वेळी होतो आणि तयार काडतुसावर ते राहू दिले जात नाही.

कायदेशीर स्थिती

अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार स्वतःच्या वापरासाठी पुनर्भरण करण्यास परवाना लागत नाही. विक्रीच्या व्यवसायासाठी तो लागतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याविना दारूगोळा तयार करण्यास मनाई असून तो दंडनीय अपराध आहे.