पाल, पेशखाना आणि आमचा सहा माणसांचा तंबू

मराठीत तंबूला एक शब्द नाही, अख्खी उतरंड आहे. सगळ्यात खाली पाल, मग राहुटी, मग तंबू, डेरा आणि वर शामियाना. नुसत्या शब्दावरून आत कोण बसलंय ते कळतं. पाल पडतं गावाबाहेर, शामियाना लागतो गावाच्या मधोमध. आणि शामियान्यात बसणाऱ्याने आयुष्यात कधी मेख ठोकलेली नसते.

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे या दिवाळीत आम्ही सगळी भावंडं मुलाबाळांसकट सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला, शेतात, दोन रात्री तंबूत काढणार आहोत. तंबू निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी दुकानाऐवजी पुस्तकांच्या कपाटाकडे गेलो, याचं घरात कुणाला नवल वाटलं नाही. ("याला टाचणी आणायला सांगा, हा टाचणीचा इतिहास घेऊन येईल," इति आत्या.)

तर मंडळी, सुरुवात अकबरापासून. ऐन-इ-अकबरीत अबुल फझलने बादशाही तळाचा हिशेब दिलाय: एका तळाचं सामान वाहायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल. शिवाय तंबू ठोकायला हजार फरास! पुढे औरंगजेबाबरोबर काश्मीरला गेलेला फ्रेंच वैद्य बर्निये सांगतो की, बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत. एकात बादशहा मुक्कामाला, तोवर दुसरा एक मजल पुढे जाऊन उभा राहिलेला. याला म्हणत पेशखाना. मला ही कल्पना फार आवडली. हत्ती सोडा, पण मुलं पेंगुळलेली, उजेड गेलेला आणि तंबू अजून पिशवीत, यापेक्षा दोघांनी दुपारीच पुढे जाऊन तो उभा करावा हे शहाणपण आपल्यालाही परवडणारं आहे.

आता दुसरं टोक. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराचा जो कायदा सांगितलाय, त्यात मोहिमेवर बायका, बटक्या, कलावंतिणी न्यायच्या नाहीत अशी सक्त ताकीद आहे. तळ हलका, म्हणून घोडं वेगात. त्यानंतर शंभर वर्षं व्हायच्या आत काय झालं पाहा. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाला हरवून सदाशिवरावभाऊ परतूरला आले. परतूर म्हणजे जालना जिल्ह्यातलं. तिथून मार्च १७६० मध्ये फौज उत्तरेकडे निघाली. बरोबर बायका, यात्रेकरू, बाजारबुणगे आणि मोठमोठे डेरे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर हे सगळं बिऱ्हाड मध्ये घेऊन लढावं लागलं. पराभवाला कारणं पुष्कळ होती, एकट्या डेऱ्यांवर खापर फोडू नये. पण कुटुंब बरोबर आलं की तंबू वाढतो आणि चाल मंदावते हे मात्र खरं. मला वेग नकोच आहे, त्यामुळे माझ्यापुरता हा प्रश्न सुटला. गाडी थेट शेतापर्यंत जाते. वजन बघायचं नाही, डोकं न वाकवता उभं राहता येतं का ते बघायचं. आणि चौघांसाठी सहा माणसांचा. दुकानातला 'चार माणसांचा' तंबू म्हणजे चार माणसं मोजून कडेला कडा लावून, सामान बाहेर.

हिंगोली स्वतः एकोणिसाव्या शतकात लष्करी ठाणं होती. निजामाच्या खर्चाने पोसलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची ही फौज म्हणजे पुढची हैदराबाद कंटिंजंट. १९०३ मध्ये ती हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली. 'छावणी' हा शब्द मुळात छप्पर घालण्यावरून आलाय. पावसाळ्यात फौजा तंबू आवरून छपराखाली जायच्या आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून पुन्हा बाहेर पडायच्या. म्हणजे पावसाळ्यात तंबूत राहू नये हे आपल्या भाषेतच लिहून ठेवलंय.

याच छावणीतली एक गोष्ट मेडोज टेलरने १८३९ च्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग'च्या प्रस्तावनेत दिली आहे. हिंगोलीत हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता, टेलरने स्वतः त्याच्याशी व्यवहार केले होते. हा गृहस्थ त्या भागातल्या ठगांचा म्होरक्या निघाला! ठगांची एक रीत त्या काळच्या नोंदींत आहे. उघड्यावर प्रेत पुरायचं झालं तर भोवती कनात लावायची आणि कुणी विचारलंच तर आत बायकामाणसं आहेत म्हणायचं. पुढचा प्रश्न कुणी विचारत नसे. कनातीला एवढा मान होता. (आमच्या तंबूतही मध्ये पडदा हवाय, पण कारण साधं आहे. एक काका घोरतात.)

साहेबांच्या तंबूंतली खरी हुशारी दुहेरी छतात होती. वर एक कापड, खाली दुसरं, मध्ये हवा. ऊन वरच्यावर अडायचं. आजच्या चांगल्या तंबूला हेच असतं, फक्त काम थोडं बदललंय. आपल्या श्वासाचा दमटपणा आतल्या जाळीतून बाहेर जातो आणि बाहेरच्या कापडाला दव बनून चिकटतो, अंगावर ठिबकत नाही. एकपदरी स्वस्त तंबूत दिवाळीच्या थंडीत पहाटे पांघरूण ओलं होतं. हा पैसा वाचवू नये.

आता मेखांचं. पूर्णेकाठची आपली काळी जमीन भिजली की लोणी आणि सुकली की भेगा. तंबूबरोबर येतात त्या काडीसारख्या मेखा लोण्यात धरत नाहीत आणि वर माळावरच्या मुरमात वाकतात. यावरचा उपाय बंजारा तांड्यांकडे मिळतो. बैलांवर धान्य वाहणारे हे लोक मुक्कामाला गोण्या उतरवून त्यांचीच भिंत रचत आणि वर कापड ओढत. मेख न धरणाऱ्या जमिनीत वजन धरतं. आपणही रिकामी पोती न्यायची, तिथलीच माती भरायची आणि तणावे पोत्यांना बांधायचे. बाकी लोखंडी, हातभर लांबीच्या मेखा लोहाराकडून करून घ्याव्यात हे उत्तम.

कापडावर '३००० मिमी' असं काहीतरी लिहिलेलं असतं. तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ झिरपू न देता ते सोसतं, असा त्याचा अर्थ. दिवाळीत एवढं कशाला, असं भाऊ म्हणाला. दिवाळीपुरतं खरंच नको.

पण २१ मार्च २०२४ ला सकाळी सहानंतर आपल्या जिल्ह्यात पाठोपाठ दोन धक्के बसले, ४.५ आणि ३.६ रिश्टरचे. मग १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ चा. पांगरा शिंदेकडचे जमिनीतले आवाज तर त्याआधीपासूनचे. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी आमच्या पिढीला आठवते. दगडमातीच्या जाड भिंतींनी झोपेतच माणसं मारली. गावाकडचं आमचं घरही तसंच दगडमातीचं. मार्चमध्ये लोक अंगणात झोपू शकतात. जुलैत वरून पाऊस आणि आत भिंतींची भीती, अशी रात्र आली तर छावणीचा नियम उपयोगाचा नाही, छपराखालीच जायचं नसतं.

म्हणून ३००० मिमीचाच घेतोय, तळाचं कापड त्याहून जाड. दिवाळीनंतर तो माझ्याबरोबर परत येणार नाही, गावाकडच्या घरी ओसरीत, दाराजवळच्या खुंटीला राहील. आत्याला उभा करता यावा म्हणून तिच्याकडून एकदा ठोकून घेणार आहे. ती म्हणते, मोगरी मात्र माझी मी आणीन.