नववी भाषा

संत पौलाचे गलबत ज्या बेटाच्या किनाऱ्यावर फुटले, त्याचे नाव आपल्या बायबलमध्ये 'मिलिता' असे आले आहे. तेच आजचे माल्टा. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातील शेवटचे दोन अध्याय आपल्या परिचयाचे आहेत. गलबतावरील २७६ माणसे भिजून कुडकुडत किनाऱ्याला लागली, बेटकऱ्यांनी शेकोटी पेटवून त्यांचे स्वागत केले, आणि त्याच शेकोटीतून निघालेला साप पौलाच्या हाताला डसूनही त्याला काही झाले नाही. लूकने मूळ ग्रीकमध्ये या बेटकऱ्यांसाठी 'बार्बारोय', म्हणजे बर्बर, असा शब्द योजला आहे. ही शिवी नव्हे. ज्याला ग्रीक येत नाही तो बर्बर, इतकाच तिचा अर्थ. हे लोक बहुधा फिनिशियनांची प्युनिक भाषा बोलत असावेत. या बेटाच्या ख्रिस्ती इतिहासातील पहिली नोंद अशी भाषेची नोंद आहे, हे मला तेथे जाईपर्यंत कधी जाणवले नव्हते.

माझा एक वसईकर मित्र जहाजावर इंजिनिअर होता. माल्टाची राजधानी व्हालेट्टा हिच्या बंदरात त्याचे जहाज अनेकदा लागले होते. परंतु इंजिनघरातून वर येऊन शहर पाहण्याची सवड त्याला कधी मिळाली नाही. निवृत्तीनंतर ती राहिलेली इच्छा पुरी करायला तो निघाला आणि मला सोबत घेऊन गेला. तीन दिवसांचा मुक्काम. शहर एवढेसे, की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जायला अर्धा तासही पुरतो. मात्र रस्ते सरळ असले तरी सपाट नाहीत. कित्येक गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्या. वर रंगीत लाकडी बंद सज्जे, आणि गल्लीच्या तळाशी निळा समुद्र.

हे शहर वाढत वाढत झालेले नाही. ते एका युद्धानंतर आखून बांधले गेले. संत योहानाच्या संघाचे सरदार मूळचे यरुशलेममधील यात्रेकरूंच्या रुग्णालयाचे सेवक. पुढे ते लढवय्ये झाले. तुर्कांनी ऱ्होड्स बेट घेतल्यावर निराश्रित झालेल्या या संघाला सम्राट पाचव्या चार्ल्सने १५३० साली माल्टा दिले. १५६५ च्या मे महिन्यात सुलतान सुलेमानाचे प्रचंड आरमार तेथे येऊन धडकले. संघाचा महाप्रमुख जाँ दि व्हालेट त्या वेळी सत्तरीच्या घरात होता. सुमारे पाचशे सरदार आणि काही हजार शिपाई व बेटकरी यांनी वेढा सोसला. टोकावरचा सेंट एल्मो किल्ला २३ जूनला पडला, तो जवळजवळ सर्व रक्षकांचे बळी घेऊनच. ८ सप्टेंबरला वेढा उठला. वांद्र्याच्या मोत माउलीच्या यात्रेसाठी आपण जो मरियेचा जन्मोत्सव मोजतो, तोच हा दिवस. माल्टाचे लोक त्याला आजही 'विजय' म्हणतात.

या विजयाच्या कथेतला एक प्रसंग उत्सवाच्या भाषणांत सहसा येत नाही. सेंट एल्मो पडल्यावर तुर्क सेनापतीने मृत सरदारांची शिरे तोडून त्यांची धडे लाकडी क्रुसांवर बांधून खाडीत सोडली. व्हालेटने उत्तर म्हणून आपल्याकडील तुर्क कैद्यांची मुंडकी उडवली आणि तोफांतून शत्रूच्या तळावर मारली. क्रूस दोन्ही बाजूंनी विटाळला गेला, असे मला वाटते. विशेष म्हणजे व्हालेट स्वतः एकेकाळी वर्षभर शत्रूच्या गलबतावर वल्हे मारणारा गुलाम होता. त्याच्या नावाच्या शहरात मुसलमान गुलामांचा बाजार दोन शतकांहून अधिक काळ भरत राहिला. गुलामगिरी संपली ती १७९८ साली, नेपोलियनच्या हुकमाने. दुसरीकडे याच संघाच्या रुग्णालयात रोग्यांना चांदीच्या ताटांत जेवण मिळे. त्या रुग्णालयाचे दीडशे मीटरांहून लांब दालन आम्ही पाहिले. एकाच संघाच्या दोन हातांचे हे काम होते. यांपैकी एकच हात दाखवणारा वाटाड्या भेटला, तर त्याच्यावर पुरता विश्वास ठेवू नये.

शहराची पायाभरणी २८ मार्च १५६६ रोजी झाली. पोपने आराखड्यासाठी लापारेल्ली नावाचा स्थापत्यतज्ज्ञ पाठवला, आणि त्याचे काम जिरोलामो कासार या माल्टाच्याच माणसाने पुरे केले. बुरुजांचे ते पुढे आलेले टोकदार कोन पाहून मित्र उद्गारला, "अरे, हा तर आपला वसईचा किल्ला!" त्याचे खरेच होते. तोफांच्या माऱ्याला तोंड देण्यासाठी इटलीत निघालेली ही बांधणी त्याच शतकात पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणली.

संघाचे मंदिर म्हणजे संत योहानाचे महामंदिर. बाहेरून ते किल्ल्यासारखे रुक्ष. आत पाऊल टाकताच सोन्याने डोळे दिपतात. जमिनीवर सुमारे चारशे सरदारांच्या संगमरवरी समाधिशिला आहेत, आणि आपण त्यांच्यावरूनच चालत असतो. बाजूच्या प्रार्थनागृहात कारावाज्जोचे 'संत योहान बाप्तिस्त्याचा शिरच्छेद' हे १६०८ चे भव्य चित्र आहे. या चित्रकाराने आपल्या साऱ्या आयुष्यात एकाच चित्रावर सही केली, ती येथे, योहानाच्या गळ्यातून वाहणाऱ्या रक्तात. तो त्याच वर्षी संघाचा सरदार झाला आणि वर्ष संपण्यापूर्वी याच चित्रासमोर भरलेल्या सभेत त्याची हकालपट्टी झाली. आम्ही दोघे बराच वेळ तेथे उभे होतो. मित्र एरवी बोलका; पण तेथे त्याने एक शब्द उच्चारला नाही.

या मंदिराच्या दोन्ही बाजूंना जी उपासनालये आहेत ती 'भाषां'ची आहेत. संघातील सरदार प्रदेशानुसार आठ गटांत विभागलेले असत आणि प्रत्येक गटाला 'भाषा' म्हणत: प्रोव्हान्स, ओव्हर्न, फ्रान्स, इटली, अरागॉन, कास्तील, जर्मनी, इंग्लंड. ही यादी वाचताना ध्यानात येते की, ज्या भूमीवर हे सारे उभे आहे तिची भाषा या आठांत नाही. बेटावरील घराण्यांना सरदारांच्या पंक्तीत प्रवेश जवळजवळ बंदच होता. दरबारी कागद इटालियन आणि लॅटिनमध्ये. माल्टीज होती ती शेतात, स्वयंपाकघरात आणि होड्यांवर.

ती नववी भाषा आम्ही दुसऱ्या दिवशी ऐकली. संत पौलाच्या गलबतभंगाला वाहिलेले मंदिर शहराच्या एका अरुंद रस्त्यावर आहे. पौलाच्या मनगटाचे हाड तेथे अवशेष म्हणून जपलेले आहे. सकाळची मिस्सा चालू होती, आणि एकाएकी मित्राने मला कोपराने ढोसले. "ऐकलंस? आल्ला म्हणतायत!" खरोखरच, वेदीवरून धर्मगुरू परमेश्वराला 'आल्ला' म्हणत होते आणि काळ्या शालीतल्या म्हाताऱ्या बाया त्याच नावाने उत्तर देत होत्या.

यात नवल काहीच नाही. इ. स. ८७० मध्ये अरबांनी बेट घेतले, १०९१ मध्ये नॉर्मन आले, आणि पुढे सारे बेट ख्रिस्ती झाले. भाषा मात्र अरबीच्या पोटची राहिली. पुढे तिच्यात सिसिली आणि इटलीचे शब्द इतके मिसळले की शब्दसंग्रहाचा जवळजवळ अर्धा भाग त्यांनी व्यापला. परंतु श्रद्धेचे गाभ्याचे शब्द जुनेच आहेत. आपल्या उपवासकाळाला ते 'रांदान' म्हणतात, म्हणजे रमजानचा सख्खा भाऊ. पुनरुत्थानाच्या सणाचे नाव ईदशी नाते सांगते. ज्या लोकांनी तुर्कांशी निकराची झुंज दिली, त्यांनी देवाचे नाव शत्रूच्या देवासारखे ऐकू येते म्हणून बदलले नाही.

येथे मला आपले फादर थॉमस स्टीफन्स आठवले. हा इंग्रज जेज्वीट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली त्याचे मराठी 'क्रिस्तपुराण' छापले गेले. स्वर्गासाठी त्याने 'वैकुंठ' हा शब्द निःशंकपणे घेतला. गंमत अशी की ते छापले गेले रोमन अक्षरांत. सेमिटिक वंशाची माल्टीजही रोमन लिपीतच लिहिली जाते. पण स्टीफन्सच्या या औदार्याची परंपरा टिकली नाही. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला आणि लोकांना पोर्तुगीज शिकायला तीन वर्षांची मुदत दिली. हुकूम निघाला, लोकांनी घरात आपली भाषा बोलणे सोडले नाही.

माल्टातही भाषेला मान मिळवून देणाऱ्याच्या वाट्याला फुले आली नाहीत. मिकिएल आंतोन व्हासाल्ली याने १७९० च्या दशकात माल्टीजचे व्याकरण आणि शब्दकोश सिद्ध केले. राजकीय कटांत तो सापडला, तुरुंगात गेला, पुढे इंग्रजी अमलात वर्षानुवर्षे हद्दपार राहिला. उतारवयात परतल्यावर विद्यापीठात माल्टीज शिकवण्याचे काम त्याला मिळाले. एका प्रॉटेस्टंट मिशन संस्थेसाठी त्याने शुभवर्तमाने आणि 'प्रेषितांची कृत्ये' यांचे माल्टीजमध्ये भाषांतर केले. १८२९ साली तो वारला, तेव्हा कॅथलिक दफनभूमीत त्याला जागा नाकारण्यात आली.

त्यानंतर काळ हळूहळू पालटला. दुन कार्म या धर्मगुरूने १९१२ पासून इटालियन सोडून माल्टीजमध्ये काव्य लिहायला घेतले. आजचे राष्ट्रगीत त्याचेच. १९३४ मध्ये माल्टीज अधिकृत भाषा झाली. फादर सायडन यांनी मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल माल्टीजमध्ये आणले, त्याला १९२९ ते १९५९ अशी तीस वर्षे लागली. २००४ साली देश युरोपीय संघात आला आणि ही कोळ्याशेतकऱ्यांची भाषा संघाच्या अधिकृत भाषांत जाऊन बसली. पुरेसे भाषांतरकार मिळेनात म्हणून तिला पहिली तीन वर्षे सवलत द्यावी लागली, हेही खरे.

शेवटच्या दिवशी मित्राला बंदर पाहायचे होते. पण मी आधी त्याला तटाबाहेर, म्सिदा खाडीवरील जुन्या दफनभूमीत नेले. तेथील बहुतेक समाध्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या आहेत. त्यांच्यात व्हासाल्ली निजलेला आहे. ज्या पुस्तकात त्याच्या पूर्वजांना 'बर्बर' म्हटले, ते पुस्तक त्यांच्याच बोलीत आणणारा हा माणूस. मित्राने टोपी काढली आणि मराठीतून 'नमो मरिया' म्हटली. मग आम्ही बंदराकडे उतरलो.