ऐकणारी तार

दूर उभा असलेला मनुष्य हांक मारतो आणि ती आपल्या कानीं येत नाहीं. अशा वेळीं दोष कोणाचा मानावयाचा? हांक मारणाराचा आवाज तोकडा पडला, मधल्या वार्‍यानें तो गिळला, कीं ऐकणारा भलत्याच गलक्यांत उभा होता? १९२१ सालीं हाच प्रश्न अटलांटिक महासागराच्या दोन्ही तीरांवरील हौशी बिनतारी मंडळींपुढें येऊन ठाकला होता. त्याचें उत्तर अखेर स्कॉटलंडमधील एका ओल्या शेतांत, जमिनीपासून बारा फूट उंचीवर ताणलेल्या एका साध्या तारेनें दिलें. त्या तारेची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

त्या काळीं दूरवरच्या बिनतारी संदेशांसाठीं हजारों मीटर लांबीच्या लहरी वापरीत. त्या सरकारच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या ताब्यांत होत्या. अमेरिकेंतील १९१२ च्या कायद्यानें हौशी मंडळींच्या वांट्यास दोनशें मीटर व त्याहून आंखूड लहरी आल्या. या लहरी दूर जात नाहींत, तेव्हां पोरांना खेळावयास त्या दिल्या तरी कांहीं बिघडणार नाहीं, अशी तज्ज्ञांची समजूत होती. ही समजूत या मंडळींना मान्य नव्हती. १९१४ सालीं हायरम पर्सी मॅक्सिम यांच्या पुढाकारानें स्थापन झालेल्या अमेरिकन रेडिओ रिले लीगनें फेब्रुवारी १९२१ मध्यें एक परीक्षा ठरविली. ठरलेल्या रात्रीं अमेरिकेंतील हौशी केंद्रांनीं संदेश पाठवावयाचे आणि ब्रिटनमधील हौशी मंडळींनीं ते टिपावयाचे. रात्री गेल्या, पहांटा झाल्या, परंतु एकाहि अमेरिकन केंद्राचा संदेश खात्रीनें ऐकल्याचें सिद्ध झालें नाहीं.

आतां वाद आला. लहरी पोहोंचल्याच नाहींत, कीं पोहोंचूनहि त्या ऐकल्या गेल्या नाहींत? अमेरिकन मंडळींस वाटलें कीं, उणीव ब्रिटिशांच्या ग्राहक यंत्रांत आणि ऐकण्याच्या संवयींत असावी. असा बोल कोणालाहि लागावा. तो खरा कीं खोटा हें ठरविण्यास मार्ग एकच होता. अमेरिकेंतील एक निष्णात ऐकणारा त्याच्या यंत्रांसह समुद्रापलीकडे पाठवावयाचा. लीगनें न्यू जर्सीतील पॉल गॉडली यांची निवड केली आणि नोव्हेंबर १९२१ मध्यें ते ‘अ‍ॅक्विटानिया’ बोटीनें निघाले. त्यांच्या सामानांत आर्मस्ट्राँग यांनीं युद्धकाळांत शोधलेल्या सुपरहेटेरोडाइन पद्धतीचें यंत्र होतें. पण आपल्या कथेच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाची आहे ती त्यांनीं पुढें ताणलेली तार.

ही तार कोणाच्या बुद्धींतून निघाली? हॅरल्ड बेव्हरेज हे मेन राज्यांतील नॉर्थ हेवन बेटावर १८९३ सालीं जन्मलेले अभियंते. तोंपर्यंत एरियल म्हटला म्हणजे तो उंच असावा, जितका उंच तितका उत्तम, असा समज रूढ होता. बेव्हरेज यांनीं १९१९ च्या सुमारास मेनमधील ऑटर क्लिफ्स केंद्रावर याच्या उलट प्रयोग केले. त्यांनीं लांबच लांब तार जमिनीलगत पसरली आणि ती ठराविक दिशेचे संदेश अधिक स्वच्छ देते असें पाहिलें. पुढल्या वर्षीं तारेच्या दूरच्या टोंकाशीं एक रोधक बसवून तें टोंक जमिनीशीं जोडतां ती तार एकाच दिशेनें ऐकूं लागली. जून १९२१ मध्यें त्यांस या शोधाचें पेटंट मिळालें. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या सहकार्‍यांसह त्यांनीं १९२३ सालीं या तारेचें सविस्तर शास्त्र प्रसिद्ध केलें. लाँग आयलंडवरील रिव्हरहेड येथील व्यापारी केंद्रासारख्या ठिकाणीं अशा तारा मैलोगणती लांब होत्या. कांहींची लांबी नऊ मैलांपर्यंत होती.

ही तार ऐकते कशी, हें थोडक्यांत समजून घेऊं. बिनतारी लहर जमिनीवरून धांवत असतां तिचा पायाकडील भाग जमिनीच्या रोधानें किंचित् मागें राहतो, आणि सारी लहर पुढें झुकते. या झुकण्यामुळें लहरीच्या विद्युत्-बळाचा कांहीं अंश आडवा, म्हणजे तारेच्या लांबीच्या दिशेनें, लागूं पडतो. लहर तारेबरोबर पुढें पुढें जाते आणि पावलोपावलीं तारेंत थोडा थोडा प्रवाह भर घालीत राहते. डोंगरउतारावरील ओढ्यास वाटेंत लहान लहान ओहळ मिळत जावे आणि पायथ्याशीं त्याचें पात्र भरून यावें, तसाच हा प्रकार आहे. पायथ्याशीं, म्हणजे लहर ज्या टोंकास शेवटीं पोहोंचते तेथें, ग्राहक यंत्र असतें. पाठीमागून येणारी लहर मात्र आपला प्रवाह उलट टोंकाकडे गोळा करीत नेते. तेथें रोधक बसलेला असतो. तो तो प्रवाह गिळून टाकतो. रोधक नसेल तर तोच प्रवाह टोंकावर आपटून परततो आणि यंत्रांत शिरतो. बाजूनें येणार्‍या लहरींचे निरनिराळ्या भागांतील परिणाम एकमेकांस बहुतांशीं मारून टाकतात. म्हणून ही तार एका दिशेला कान लावून बसते आणि इतर दिशांना जणूं पाठ फिरविते.

यांतील मर्म लक्षांत घेण्याजोगें आहे. या तारेनें मिळणारा आवाज मोठा नसतो; उंच एरियलच्या मानानें तो बहुधा क्षीणच असतो. परंतु त्याबरोबरची वातावरणांतील खरखर त्याहून कितीतरी अधिक क्षीण झालेली असते. क्षीण आवाज यंत्रानें वाढवितां येतो. गोंगाटांत बुडालेला आवाज वाढविला तर गोंगाटहि तितकाच वाढतो. दुसरी गोष्ट अशी कीं, ही तार ऐकावयास उत्तम असली तरी बोलावयास अगदीं कुचकामाची आहे, कारण तिला दिलेल्या शक्तीचा मोठा भाग जमीन आणि रोधक हेच खाऊन टाकतात. ऐकणें आणि बोलणें यांस एकच साधन उत्तम असलें पाहिजे, हा जुना समज या तारेनें मोडला.

गॉडली यांनीं प्रथम लंडनच्या परिसरांत ऐकून पाहिलें. पण तेथें मोठ्या व्यापारी केंद्रांच्या दुय्यम लहरींचा उपद्रव होता. म्हणून त्यांनीं स्कॉटलंडच्या पश्चिम किनार्‍यावरील आर्ड्रॉसन हें गांव गांठलें. शेतांत तंबू ठोकला आणि खांबांवरून सुमारें तेराशें फूट लांब तार, बारा फूट उंचीवर, अमेरिकेच्या रोखानें ताणली. दोनशें तीस मीटरच्या लहरीशीं ताडून पाहिलें तर ही लांबी तिच्या पावणेदोनपट होते. डिसेंबरची थंडी, पाऊस, समुद्रावरचें वारें आणि तंबूंतील मिणमिणता उजेड! बरोबर साक्षीदार म्हणून मार्कोनी कंपनीच्या संबंधित संस्थेचा एक निरीक्षक होता, कारण ‘मीं ऐकलें’ एवढें एकट्याचें सांगणें पुराव्यास पुरें पडलें नसतें.

परीक्षेच्या आरंभींच एक अमेरिकन खूण कानीं पडली: ‘वन ए ए डब्ल्यू’. आनंदास पारावार राहिला नसेल. परंतु पुढें असें उघडकीस आलें कीं, ती खूण ज्याच्या नांवावर होती त्यानें त्या रात्रीं संदेश पाठविलाच नव्हता. दुसराच कोणी ती चोरून वापरीत होता. त्याची लहर मात्र खोटी नव्हती. तिनें सुमारें तीन हजार मैलांचें पाणी खरोखरच ओलांडलें होतें. त्यानंतर ऐकूं आलें कनेक्टिकटमधील ग्रेनिच गांवचें ‘वन बी सी जी’ केंद्र. रेडिओ क्लब ऑफ अमेरिकाच्या सभासदांनीं, ज्यांत स्वतः एडविन आर्मस्ट्राँग होते, खास या परीक्षेसाठीं तें उभारलें होतें. ठिणगीच्या यंत्राऐवजीं व्हॉल्व्हनें उत्पन्न केलेली अखंड लहर तें पाठवीत होतें. ११ डिसेंबर ही तारीख घातलेला बारा शब्दांचा संपूर्ण अभिनंदनपर संदेश गॉडली यांनीं त्याच केंद्राकडून टिपला. आंखूड लहरींवर हौशी मंडळींनीं महासागरापार पोहोंचविलेला तो पहिला पूर्ण संदेश. परीक्षा संपली तेव्हां अनेक अमेरिकन केंद्रें त्यांच्या नोंदवहींत चढलीं होतीं.

तर मग ब्रिटिशांवरचा आरोप खरा ठरला काय? न्यायानें सांगावयाचें तर, नाहीं. त्याच रात्रीं ब्रिटनमधील कित्येक हौशी मंडळींनीं आपापल्या घरच्या साध्या एरियलवर अमेरिकन केंद्रें ऐकलीं. म्हणजे फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत बोलणारेहि सुधारले होते आणि ऐकणारेहि. परंतु साध्या एरियलवर तुटक खुणा मिळत होत्या तेथें तेराशें फुटांच्या तारेनें रात्रीमागून रात्र केंद्रांची रांग लावली, हा फरक कोणासहि नाकारतां आला नाहीं.

पुढें १९२३ च्या नोव्हेंबरांत फ्रान्समधील लिऑन डेलॉय व अमेरिकेंतील फ्रेड श्नेल यांनीं शंभर मीटरच्या आसपास परस्परांशीं संभाषण केलें, आणि हौशी मंडळी अधिकाधिक आंखूड लहरींकडे वळली. लांब तारेची निकड कमी झाली. मोठ्या व्यवहारांत मात्र तिनें आपली जागा राखली: १९२७ सालीं न्यूयॉर्क व लंडन यांमधील बिनतारी टेलिफोन सुरू झाला, त्यासाठीं मेनमधील हूल्टन येथें अशा चार तारांची विस्तीर्ण जुळणी पुढें उभारण्यांत आली. त्याच १९२७ सालीं आपल्याकडे इंग्लंडशीं जी बीम सेवा चालू झाली, तिचें प्रेषण पुण्याजवळील खडकीहून आणि ग्रहण दौंडहून होत असे. तेथील एरियल निराळ्या जातीचे होते. परंतु ऐकणाराला बोलणारापासून दूर, शांत जागीं बसवावें आणि त्याचा कान एका दिशेस लावावा, हें तत्त्व तेंच. दुसर्‍या महायुद्धानंतर १६० मीटरच्या पट्ट्यांत लोरान या नौकामार्गदर्शक यंत्रणेची वस्ती झाली आणि अमेरिकन हौशी केंद्रांच्या शक्तीवर तेथें मर्यादा पडल्या. बोलणें क्षीण झालें तेव्हां ऐकण्याचें मोल पुन्हां वाढलें.

आजहि १६० व ८० मीटरवर रात्र काढणारे हौशी लोक हीच तार ताणतात, आणि तिचे रुसवेफुगवेहि त्यांस सोसावे लागतात. रोधक साधारणतः चारशें ते सहाशें ओहमचा लागतो. जवळपास वीज कडाडली तरी तो तडकूं शकतो, आणि वरून मात्र धडधाकट दिसतो. म्हणून यंत्राकडील जोडणी सोडवून तार व जमीन यांमधील रोध मोजावा. रोधकाइतका, किंवा त्यांत जमिनीच्या रोधाची थोडी भर पडलेला आंकडा आला तर ठीक. कांहींच वाहत नसेल तर तार तुटली आहे किंवा रोधक गेला आहे. आंकडा फारच लहान आला तर तार वाटेंत कोठें तरी जमिनीशीं जोडली गेली असावी. जमिनींत पुरलेली सळई हें दुसरें दुखणें. मृगाच्या पावसांत ठाकठीक असलेली ही जोडणी वैशाखांत कोरडी पडून निकामी होते. तारेची दिशा शाबूत आहे कीं नाहीं हें पाहावयाचें तर पाठीमागील बाजूचें एखादें केंद्र लावावें आणि कोणास तरी रोधक सोडावयास सांगावें. आवाज वाढला तर तार नीट काम करीत होती असें समजावें. कांहींच फरक पडला नाहीं तर रोधक किंवा त्याची भूमि नांवापुरतीच आहे. आणि तार सोडवूनहि खरखर तशीच राहिली, तर चोर घरांतच आहे. यंत्राकडे येणारी केबलच ती गोळा करीत आहे, असें खुशाल समजावें.

विजेचे दिवे आणि घरोघरचीं उपकरणें यांनीं वस्तीमधील गोंगाट आतां इतका वाढला आहे कीं, १९२१ सालच्या ऐकणारास तो भयंकर वाटला असता. त्या वर्षीं वादी व प्रतिवादी दोघेहि बोलणाराच्या आणि ऐकणाराच्या सामर्थ्याविषयीं भांडत होते. आर्ड्रॉसनच्या तारेनें तिसरीच गोष्ट दाखवून दिली. ऐकणाराचें सामर्थ्य सारें कांहीं ऐकण्यांत नाहीं. काय ऐकावयाचें नाहीं, हें ठरविण्यांत आहे.