गुइझी थांग

गुइझी थांग : चिनी वैद्यकातील पाच वनस्पतिद्रव्यांचा प्राचीन काढा. गुइझी म्हणजे चिनी दालचिनीच्या कोवळ्या डहाळ्या, थांग म्हणजे काढा. मराठीतील ‘दालचिनी’ हा शब्दही फार्सी ‘दारचिनी’, म्हणजे चीनचे लाकूड, यावरूनच आला. मात्र या काढ्यात साल नव्हे, डहाळी घालतात.

काढ्याचा पाठ वैद्य झांग झोंगजिंग (सु. 150–219) याच्या ‘शांगहान लुन’ या ग्रंथात आहे. आपल्या दोनशेहून अधिक माणसांच्या कुळातील दोन-तृतीयांश माणसे दहा वर्षांच्या आत दगावली आणि त्यांतील दहांपैकी सात थंडीच्या ज्वराने गेली, असे तो प्रस्तावनेत सांगतो. ग्रंथ पुढे युद्धांत विस्कटला. वांग शूह या वैद्याने तो जुळवला आणि सोंग दरबाराने 1065 मध्ये त्याची संशोधित प्रत सिद्ध केली.

डहाळ्या, शाओयाओ (पिओनीचे मूळ) व ओले आले प्रत्येकी 3 लिआंग, भाजलेले ज्येष्ठमध 2 लिआंग आणि 12 चिनी बोरे असे मूळ प्रमाण. तेव्हाचा लिआंग सुमारे 15 ग्रॅमचा धरतात. आजचे वैद्य 3 लिआंगच्या जागी बहुधा 9 ग्रॅमच देतात.

ताप आहे, वारा सोसवत नाही आणि घामही येतो आहे, अशा रोग्यासाठी हा काढा आहे. चिनी वैद्यकाच्या मते शरीराचे बाहेरून रक्षण करणारी ‘वेई’ आणि आतून पोषण करणारे ‘यिंग’ यांचा मेळ तेव्हा बिघडलेला असतो. दालचिनी बाहेर लोटते, पिओनी आत धरून ठेवते. दोन्ही सारख्या वजनाची असल्यामुळे मेळ पुन्हा बसतो, अशी ही मांडणी. पाठाचे मर्म या समतोलातच आहे. पिओनी दुप्पट केली की तोच काढा पोटदुखीचा होतो. त्यात धान्यापासून केलेली माल्टची साखर घातली की ‘शियाओ जियानझोंग थांग’ हा वेगळाच पाठ तयार होतो. गुइझी थांगमध्ये कुडझूचे मूळ आणि माहुआंग (एफेड्रा) घातल्यास होणारा काढा जपानमध्ये ‘काक्कोन्तो’ या नावाने सर्दीवर आजही घरोघरी परिचित आहे.

घाम न येणाऱ्या, ताठर नाडीच्या रोग्याला आणि मद्यपीला हा काढा झांग वर्ज्य सांगतो. ज्येष्ठमध दीर्घकाळ पोटात गेल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते, हेही आज ध्यानात ठेवावे लागते.

घेण्याची रीत द्रव्यांइतकीच महत्त्वाची आहे. सात मापे पाणी मंद आचेवर तीन मापे उरेपर्यंत आटवायचे, गाळायचे आणि एक माप कोमट प्यायचे. थोड्या वेळाने वर मापभर गरम, पातळ भाताची पेज घ्यायची. काढ्याला बळ तिचे. मग सुमारे दोन तास पांघरूण घेऊन पडून राहायचे. अंग नुसते ओलसर व्हावे, घामाच्या धारा लागू नयेत. धारा लागल्या तर रोग हटत नाही, असे झांग बजावतो. या काळात थंड, चिकट, मांस, मद्य, दुधाचे पदार्थ बंद. पहिल्याच मापाने घाम येऊन बरे वाटले, तर उरलेली दोन मापे घ्यायची नाहीत.