सागर सम्राट आणि सातपाटीची जाळी

फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ या जपानी बनावटीच्या खोदकाम रिगला तेल लागलं. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. देशभर आनंदीआनंद झाला. तेलाच्या भडकलेल्या भावांनी देश पोळलेला होता, त्यामुळे हा आनंद साहजिकच होता.

पण या समुद्रात आधीपासून वावर होता तो कोळ्यांचा. त्यांना विचारण्याची कायदेशीर सोयच नव्हती. पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी सक्तीची झाली ती १९९७ मध्ये, म्हणजे पहिल्या विहिरीनंतर २३ वर्षांनी.

समुद्रातल्या तेलफलाटाभोवती ५०० मीटरचं सुरक्षाक्षेत्र असतं. तिथे होडी न्यायची नाही. मासे मात्र लोखंडी खांबांच्या आसऱ्याला जमतात, ही त्यातली गंमत. खरी अडचण त्याआधीच्या, तेल शोधण्यासाठीच्या भूकंपीय सर्वेक्षणाची. जहाज हवेच्या तोफा डागत, काही किलोमीटर लांब केबल ओढत जातं. पालघरजवळच्या सातपाटी या मच्छीमार गावाची पापलेटची तरंगती जाळी वाटेत आली, तर ती उचलायची कोळ्यांनीच. ऐन हंगामातले दिवस बुडतात, म्हणून पालघरच्या मच्छीमारांनी वारंवार विरोध केला, भरपाई मागितली.

नॉर्वेत गरजेनुसार अशा जहाजावर मासेमारीचा जाणकार बसवावा लागतो. आपल्याकडे उलट घडलं. १६ जानेवारी २०२०च्या अधिसूचनेने तेल-वायूचं शोधकार्य पर्यावरण मंजुरीच्या ‘बी-२’ गटात टाकलं. या गटाला जनसुनावणी लागत नाही.